थळला निघालात? मग एवढं ऐकून जा!

घरातलं कुणी सिंगापूरला नाहीतर लंडनला निघालं, की महिनाभर आधीपासून चौकशा सुरू होतात. तिथे थंडी किती, लोणचं नेऊ देतात का, दुकानदाराशी घासाघीस केलेली चालते का, देवळात-चर्चमध्ये डोकं झाकायचं का, रस्त्यावर कागद टाकला तर दंड होतो का! आधी जाऊन आलेल्या नणंदेला, शेजारणीला दोन-दोनदा फोन होतात. परकं शहर आहे, आपल्या हातून काही चुकायला नको, अशी धास्ती असते, आणि ती असते तेच बरं.

आता हेच कुटुंब अलिबागकडे निघालं तर? शुक्रवारी रात्री 'हे' म्हणतात, "चला, उद्या समुद्रावर जाऊन येऊ." आपण चिवड्याचा डबा भरतो, मुलांचे जादा कपडे पिशवीत कोंबतो आणि निघतो. विचारायचं काय त्यात? भाषा आपली, माणसं आपली, समुद्र काय नेहमीचाच!

मैत्रिणींनो, इथेच चुकतं. थळ आपल्या घरापासून चार-सहा तासांवर असेल, पण तिथलं घड्याळ वेगळं, रीत वेगळी, कामाच्या वेळा वेगळ्या. परदेशात चूक झाली तर फार तर दंड भरावा लागतो. किनाऱ्यावर चूक झाली तर कधी कधी माणूस परत येत नाही. पोहायला गेलेली तरुण मुलं बुडाल्याची, किल्ल्यात अडकलेल्या पर्यटकांना होडीने बाहेर काढल्याची बातमी अलिबागकडून अधूनमधून येतेच. ती वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. म्हणून म्हटलं, निघण्याआधी चार गोष्टी सांगाव्यात.

हे गाव आहे, बाग नव्हे

अलिबागच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर थळ आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, किनाऱ्याला कोळीवाडा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर समुद्रात दोन बेटं, जवळचं उंदेरी आणि त्यापलीकडचं खांदेरी. किनाऱ्यावरच खुबलढा नावाच्या जुन्या कोटाचे अवशेष आहेत. एका अंगाला १९८० च्या दशकात उभा राहिलेला खताचा मोठा कारखाना आहे. तेव्हा चित्रातल्यासारखं निर्जन, निळंशार काही मनात धरून जाऊ नका. हे राबतं गाव आहे. वाळूत जाळी पसरलेली असणार, मासळीचा वास असणार, सकाळी बर्फाच्या आणि टोपल्यांच्या गडबडीत कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नसणार.

एक गोष्ट आणखी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. आता जो तो 'खांदेरी बघायची' म्हणून निघणार, आणि खांदेरीची वाट थळवरून जाते. आजवर अलिबागपर्यंत थांबणारी गर्दी या गावात शिरणार. ती पाहुण्यासारखी येते की टोळधाडीसारखी, हे बरंचसं तुमच्या-माझ्यावर आहे.

समुद्राची वेळ ओळखा

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. त्या वेळेवर आपण सगळं घर चालवतो. धुणं, भांडी, आंघोळी. पाण्याची वेळ कशी सांभाळायची हे बाईला शिकवावं लागत नाही. मग किनाऱ्यावर गेल्यावर आपण ते का विसरतो?

भरती दिवसातून दोनदा येते, ओहोटी दोनदा. पण रोज त्याच वेळी नाही. ती चंद्रामागे चालते, म्हणून दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. गेल्या शनिवारी अकराला पाणी ओसरलं होतं म्हणून या शनिवारीही ओसरेल, हा हिशेब साफ चुकीचा.

खरा हिशेब आपल्या भिंतीवर टांगलेला आहे. संकष्टी कधी, एकादशी कधी, हे आपल्याला तोंडपाठ असतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती आणि दुपारी सव्वादोनला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा. सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती. हा आडाखा ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. म्हणून नक्की वेळ वर्तमानपत्रात किंवा फोनवर बघावी, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर पुन्हा एकदा तिथल्या माणसाला विचारावी. पण घरून कधी निघायचं, हे ठरवायला एवढा हिशेब पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर या दोन्हींतला फरक चार मीटरांहून अधिक होतो, म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त! अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसंच फार ओसरतही नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते रेंगाळतं, म्हणून आपण निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्याने चढतं. दुसरं, पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. तुम्ही उंचवट्यावर उभे असाल तर मागचा सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट तुमच्या नकळत बुडते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची गंमत आणि धोका याच गोष्टीत आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. तिथे रमलेली माणसं वेळ विसरतात. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याला परत यावं, म्हणजे जिवाला घोर नाही. आणि समजा वेळ चुकलीच, तर पाण्यात पाय घालण्याचं धाडस कुणाला करू देऊ नका. किल्ल्यातच थांबा, फोन करा, होडी मागवा किंवा पुढच्या ओहोटीची वाट बघा. कितीतरी तास उपाशी बसलेलं माणूस घरी येतं, हे 'ह्यां'ना निक्षून सांगायची तयारी ठेवा!

खांदेरीला जाताना

थळहून होडीने खांदेरीला जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांना पाठवून या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईचे इंग्रज हादरले. खांदेरी म्हणजे त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच! त्यांनी मोठी गलबतं आणून बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून सटासट निसटत आणि बेटावर दाणागोटा पोचवत. इंग्रजांकडे तोफा मोठ्या होत्या, पण इथलं पाणी, इथला वारा आणि इथले खडक कुणाला माहीत होते, तर या किनाऱ्यावरच्या माणसांना. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरी ताब्यात घेऊन तिथे आपला किल्ला उभारला, आणि ही दोन शेजारी बेटं पुढे कितीतरी वर्षं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

या इतिहासातून आपण घ्यायचं ते एवढंच, की इथल्या पाण्याच्या बाबतीत इथल्या माणसाचं ऐकावं. तांडेल म्हणाला, "आज नको, वारा आहे," तर वर पैसे देऊ करून त्याला गळ घालू नका. आकाश निरभ्र दिसतं म्हणून समुद्र शांत असतो असं नाही. दुपारनंतर वारा वाढतो, होडी उसळते, तेव्हा सकाळीच जाऊन यावं. जीवरक्षक जाकिटं आहेत का, हे चढण्यापूर्वी बघा आणि ती अंगावर घाला. बसायला उशी म्हणून ती दिलेली नसतात. 'अजून दोघांना घ्या ना' असा आग्रह धरू नका. बेटावर जायला परवानगी लागते का, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवा.

बेटावर हॉटेल नाही, टपरी नाही. पिण्याचं पाणी, खाण्याचा डबा, डोक्याला रुमाल आणि ओल्या खडकावर न घसरणाऱ्या चपला बरोबर हव्यात. नव्या साडीचा सोस नको. गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरायची वेळ येऊ शकते. सोय नसल्यामुळे आपण बायका पाणीच पीत नाही आणि मग उन्हात चक्कर येते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी गावात कुणाकडे तरी मोकळेपणाने विचारावं. बाईने बाईला विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

खांदेरीवर १८६७ सालचा दीपगृहाचा मनोरा आहे आणि कोळी बांधवांचं दैवत वेताळ आहे. देवळाजवळ एक मोठा दगड आहे. लहान दगडाने त्यावर हलकेच ठोकलं की धातूच्या भांड्यासारखा नाद येतो. मुलांना फार गंमत वाटते. हलकेच ठोकू द्या, घाव घालू देऊ नका. आणि तटावर नाव कोरायचा मोह झालेल्या भाच्या-पुतण्यांचा कान वेळीच धरा.

दुसऱ्याचं अंगण

वाळूवर पसरलेलं जाळं ओलांडताना आपल्याला ते जुनेर वाटतं. पण ते त्या घराचं भांडवल आहे. आपल्या शिवणाच्या कापडावर कुणी चपला घालून चाललं तर? तसंच ते. आडव्या बांबूंवर बोंबील वाळत असतात, खाली जवळा पसरलेला असतो. आपण गच्चीवर पापड-कुरडया घालतो आणि कावळा राखतो, तीच ही राखण. त्याच्या शेजारी नाकाला रुमाल लावून 'ई, काय वास!' म्हणणं हा उद्धटपणा झाला. मुलांनी तसं म्हटलं तर तिथल्या तिथे गप्प करा.

भर दुपारी ओटीवर झोपलेला माणूस बघून कुणाच्या मनात येतं, 'काय ही आळशी माणसं!' अहो, तो पहाटे किंवा मध्यरात्री भरती बघून होडी घेऊन गेलेला असतो. गावाची रात्र आपल्या रात्रीसारखी नसते. म्हणून मुक्कामाच्या घरी रात्री अकरानंतर गाणी लावून धिंगाणा नको, आणि दुपारीही आवाज बेताचाच बरा.

फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. मासळी निवडत बसलेली मावशी म्हणजे देखावा नव्हे. तुम्ही अंगणात भांडी घासत असताना कुणी परका येऊन फोटो काढू लागला, तर तुम्हाला कसं वाटेल? आधी दोन शब्द बोला, मासळी विचारा, मग फोटोचं काढा. बहुधा ती पदर सारखा करून हसेलच.

गाडी वाळूत नेऊ नका. चाकं रुततात, भरती चढू लागते आणि मग गाडी काढायला गावातल्याच पोरांना हातातलं काम टाकून धावावं लागतं. गल्ली अरुंद असते. तिथे गाडी लावली की मासळीचा टेम्पो अडतो, बर्फ वितळतो, आणि एका घराच्या दिवसभराच्या कमाईचं पाणी होतं.

बाजारहाट आणि जेवण

जून आणि जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण तो मासळीच्या विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत 'ताजं पापलेट का नाही?' म्हणून वाद घालू नका. तेव्हा सुकी मासळी हीच तिथल्या घरांची भाजी असते. आपल्यालाही पावसाळ्याची बेगमी करायची तर मे महिन्यात सोडे, सुकट, बोंबील घ्यावेत. बोटाने दाबून सुकेपणा बघावा. ओलसर लागले तर घरी गेल्यावर बुरशी धरते. घरी आणल्यावर एक कडक ऊन द्यावं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं.

कोळणीशी घासाघीस जरूर करा, तिलाही ती आवडते! पण सकाळच्या पहिल्या बोहनीला दहा मासे उलटेपालटे करून काही न घेता उठू नका. निम्म्या किमतीला मागून अपमानही करू नका. घरचा गडी समुद्रावर आणि व्यवहार सगळा तिच्या हाती, अशी इथली रीत. ती भाव सांगते त्यात डिझेल, बर्फ आणि रात्रीची झोप धरलेली असते.

अलिबागचा पांढरा कांदा गोड आणि बिनतिखट. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भाताचं पीक निघाल्यावर त्याच जमिनीत तो लावतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वेणीसारख्या विणलेल्या माळा बाजारात येतात. त्याचं नाव झालं तशी रस्त्याकडेला दुसरीकडचा पांढरा कांदाही 'अलिबागचा' म्हणून विकला जातो. ऐन पावसाळ्यात ढीगच्या ढीग दिसले तर शंका घ्यावी. शक्य तर कार्ले-खंडाळ्याच्या बाजूच्या शेतकरणीकडून माळ घ्यावी आणि घरी हवेशीर जागी टांगून ठेवावी.

थंडीत गेलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय येऊ नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ, ओवा भरतात, मांसाहारी असाल तर अंडी, कोंबडीही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही नाही आणि वास मात्र मैलभर! पण ती मागितल्याबरोबर ताटात येत नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं. आणि कोळ्याच्या घरी उतरून पनीरची भाजी मागण्यात काय अर्थ? तांदळाची भाकरी आणि कालवण तिथल्यासारखं आपल्याला घरी जमत नाही.

जाण्यायेण्याचं

मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला तासाभरात बोट जाते. मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याने आलं की अलिबागच्या थोडं अलीकडे थळकडे वळावं लागतं. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्यांसकट नेणारी मोठी बोट सुरू झाली. पावसाळ्यात तिचं वेळापत्रक आधी विचारून घ्यावं. पुणे, नाशिककडच्यांनी पेण, वडखळवरून यावं. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी या रस्त्यावर मुलांचे हाल होतात. जमलं तर मधल्या वारी जा. गावही निवांत भेटतं. परतीची शेवटची बोट केव्हा, हे उतरल्याबरोबर विचारा, निघताना नव्हे.

आणि एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या, आपल्या कचऱ्यासाठी. समुद्रात टाकलेली पिशवी जाळ्यात येते, ती सोडवायला पुन्हा कुणाचे तरी हात लागतात.

आपण बायका वर्षानुवर्षं पाहुणे सांभाळतो. न सांगता येणारा पाहुणा, जेवणाला नावं ठेवणारा पाहुणा, अंघोळीचं सगळं गरम पाणी संपवणारा पाहुणा, सगळे आपल्या ओळखीचे. दारात उभं राहून आपण सगळ्यांनाच 'पुन्हा या' म्हणतो. पण कुणाला मनापासून म्हणतो आणि कुणाला नुसतं म्हणायचं म्हणून, हे आपलं आपल्याला ठाऊक असतं. थळहून निघताना कोळीणमावशी तुम्हालाही 'परत या गो' म्हणेल. ते कोणत्या सुरात म्हणते, तेवढं नीट ऐका.